पहिली जागा मंजूर

सर, तुमच्या शोकसभेला परवानगी मिळाली. तुमच्याच नावावर मिळाली. आणि पहिल्या जागेला मिळाली.

ही बातमी तुम्हालाच सांगण्यासारखी होती. कागद हातात घेऊन ठाण्याच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि सवयीनं तुमचा नंबर काढला. लावला नाही. म्हणून इथं लिहून राहिले.

रडू आलेलं नाही. "रडलीस का गं?" असं लोक विचारतात, जसं काही तेही समितीचं एक काम होतं आणि माझ्याकडून राहून गेलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पत्रकाचं प्रूफ तपासत होते. तेवढं पान तपासून संपवलं. मग देगलूर नाक्याला तुमच्या गल्लीत आले, घरी चाचींजवळ बसले, त्यांनी माझा हात धरला तर धरू दिला. जनाजा निघाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी होते. दुकानदारानं मला बघून सवयीनं विचारलं, "ताई, किती प्रती?" काही नाही म्हटलं. त्यालाही मग कळलं. त्यानं मशीन बंद केलं.

आपली ओळख ठाण्यातच झाली, आठवतं ना? आमच्या गावाची संध्याकाळची गाडी बंद झाली होती. हदगावपासून आत गाव, दुसरी गाडी नाही, त्यामुळं गाडीबरोबर मुलींचं कॉलेजही बंद. मी पत्रक लिहिलं, पोरी गोळा केल्या, भाड्यानं भोंगा आणला आणि नांदेडला आगाराच्या दारात सुरू केलं. चार वाक्यं झाली नसतील तोवर भोंगा जप्त, मी ठाण्यात. तिथं बाकावर तुम्ही होतात. पांढरा कुर्ता, मांडीवर कापडी पिशवी, खांद्यावर दस्ती. कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगची परवानगी घ्यायला आला होतात. मला वाटलं साध्या कपड्यातले पोलीसच.

"परवानगी कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"बोलायला परवानगी कशाला लागती?"

"बोलायला न्हाई लागत. भोंग्याला लागते. बस इकडं."

आणि माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूला तुम्ही अर्ज लिहायला घेतलात. मला राग आला होता. इतकं चांगलं पत्रक, त्याची पाठ फक्त कामाची निघाली. भोंगा त्याच दिवशी सुटला आणि तुम्ही आमच्या बस समितीला येऊन चिकटलात. गणिताचे रिटायर मास्तर, समितीतले सगळ्यात म्हातारे. मी सगळ्यात तोंडाळ. पोरं तुम्हाला परवानगीमंत्री म्हणायची आणि तुम्ही मला पत्रकवाली.

मग कळलं की या शहरात चौकात उभं राहून दोन शब्द बोलायचे तर किती जणांना विचारावं लागतं. महापालिका म्हणते आधी पोलिसांचं ना हरकत आणा. पोलीस म्हणतात आधी महापालिकेचं आणा. वाहतूक शाखा म्हणते दोघांचंही आणा, मग बघू. मी या चकरांवर पत्रक काढायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "काढ की. पण आधी पोहोच घे." अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, ती पोहोच. तुमच्या पिशवीत पोहोचाच पोहोचा. भाकरीच्या फडक्यात बांधलेल्या.

आणि तुमच्या तीन जागा. सभेच्या अर्जात तुम्ही नेहमी तीन जागा लिहायचात. पहिली, मोठ्या कचेरीचं फाटक. दुसरी, जुन्या टाकीजवळचं मैदान. तिसरी अशीच, ओळ भरायला. कचेरीचं फाटक कधीच मिळायचं नाही. उत्तर ठरलेलं: पहिली जागा नामंजूर, दुसऱ्या जागेस हरकत नाही.

"मग लिहिता कामून?" मी विचारलं होतं.

"पहिली नाकारली की साहेबाला बरं वाटतंय, बेटा. काम केल्यासारखं. मग दुसरीला हात आपोआप शिक्क्याकडं जातोय."

आम्ही सगळे हसलो. मी ही युक्ती लातूरच्या पोरांना सांगितली, देगलूरच्या पोरांना सांगितली. सर असे आहेत बघा, म्हणून.

अर्जदार मात्र दर वेळी तुम्हीच. शेख मोईनुद्दीन शेख चाँदसाब. सभा कुणाचीही असो, खाली नाव तेच. तुम्ही गावाला असलात तर मी 'अर्जदाराकरिता' असं लिहून सही करायची, हेही तुम्हीच शिकवलेलं. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला नावाचा लई सोस हाय."

"हाव ना. पोरीचं लग्न झालं, पेन्शन लागली. आता नावच कमवायचं राहिलं."

मी हसले नाही तेव्हा पिशवी बाजूला ठेवून सांगितलंत. "ही पोरं भरतीची तयारी करून राहिलीत. उद्या पडताळणी आली की ठाण्यात नाव निघतंय. माझं काय निघणार? मला कोण नोकरी देतंय आता?"

"मला नकोच सरकारी नोकरी."

"आज न्हाई. उद्या लागंल."

आणि हे नाव खिडकीतून आत गेलं की आतला माणूस मान वर करून एकदा जास्त बघायचा, हे मला दिसत नव्हतं असं समजू नका. एकानं विचारलंच होतं, "बसचा विषय, आणि तुम्ही कसे काय?" मी तोंड उघडणार होते. तुम्ही माझ्या आधी म्हणालात, "मी पण बसनंच फिरतो, साहेब." तो हसला, शिक्का मारला. तुम्हीही हसलात. मला हसता आलं नाही. बाहेर आल्यावर मी तुमच्याशीच भांडले. त्याच्याशी भांडायला पाहिजे होतं, हे कळत होतं. पण तुम्ही जवळ होतात.

आपलं भांडण मिटलेलं नाही, सर. तुम्ही गेलात म्हणून मी हार मानलेली नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की चौक बांबूंनी अडवतात, गाणी वाजवतात, अर्धा रस्ता मांडवात जातो. त्यांना कोण विचारतंय अर्जदार कोण म्हणून? आणि आम्ही पंधरा पोरी, एक भोंगा, तर आम्हाला अटींचं पान. चिथावणीखोर बोलू नये. रहदारीस अडथळा होऊ नये. आवाज मर्यादेत ठेवावा. मी म्हणायची, न विचारता बसू फाटकासमोर, उचलू देत. तुम्ही म्हणायचात, "एकदा उचलतील. दुसऱ्यांदा पोरींचे बाप येऊ देणार न्हाईत." तुमचं खरं होतं. माझंही खरं होतं. हे वाक्य तुम्ही हयात असताना मी म्हटलं नसतं.

आणि लातूर.

लातूरला शाळेच्या मैदानात सभा होती. निलंग्याकडच्या पोरी आल्या होत्या, पहिल्यांदाच इतक्या. परवानगी पाचपर्यंत. मी शेवटी बोलायला उभी राहिले. आधी सरकार, मग धोरण, मग महामंडळ, सगळं झोडपून झालं आणि मग मी माझ्या बहिणीवर आले. रूपालीचं मी कधीच कुठं बोलले नव्हते. "माझी धाकटी बहीण" एवढं म्हटलं आणि माइक गेला. मला वाटलं वीज गेली. वळून बघितलं तर तुम्ही ॲम्प्लिफायरजवळ उभे, पिन हातात. पाच वाजले होते.

परतीच्या गाडीत मी तुमच्यापासून लांब बसले. चाकूर गेलं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून चहा दिलात. "चहा घे. भांडण लोह्यानंतर कर." मी चहा घेतला आणि भांडण केलं नाही. लोहा आलं, गेलं. नांदेडला उतरताना तुम्ही म्हणालात, "मुद्द्याचं आधी बोलावं, बेटा. वेळ संपायच्या आत." नंतर आपण कितीतरी अर्ज बरोबर केले, कितीतरी चहा प्यायलो. लातूरचा विषय मी काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. एकदा काढणार होते. घाई नव्हती.

आता तुमच्या शोकसभेचं सांगते.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, सरांसाठी तरी परवानगीबिरवानगी नको, सरळ जमू. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी हो म्हणणार म्हणून. मी म्हटलं, अर्ज करायचा. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून आलं.

डीटीपीच्या दुकानात आपली जुनी फाइल काढली. विषय बदलला, तारीख बदलली. 'समितीचे ज्येष्ठ सदस्य मोईन सर यांची शोकसभा.' तीन जागा तशाच ठेवल्या. मी वाचून बघितलं. परत वाचलं. खाली 'अर्जदाराकरिता' लिहिलेलं होतं, त्यावर सही ठोकली. करिता म्हणजे कुणाकरिता, ते वाचलंच नाही. त्या जागेवर तुमचं नाव म्हणजे आमच्यासाठी कागदाचा भाग, समासासारखा.

ठाण्यात परवानग्या बघणारे ते जाड चष्म्याचे हवालदार होते. "कशाची सभा?"

"शोकसभा. मोईन सरांची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते म्हातारे? तीन जागावाले?"

"हाव."

"अरारा. मागं इथंच बसून माझ्या पोराचं गणित सोडवून दिलं हो त्यांनी, मोबाइलवर फोटो बघून." मग अर्ज हातात घेतला, वरवर नजर फिरवली. "फॉर्म्याट जुनाच हाय नं तुमचा? द्या मग." शिक्का मारला. पोहोच घेतली.

परत गेले तेव्हा कागद तयार होता. "साहेबांनी पहिलीच दिली बगा," ते म्हणाले.

"पहिली?"

"शोकसभाच हाय म्हनले. त्यात काय होनारे?"

त्यात काय होणार आहे. इतकी वर्षं तुम्ही जिवंत माणसांसाठी ते फाटक मागितलंत. पोरींसाठी मागितलंत, गाडीसाठी मागितलंत. नामंजूर. तुम्ही मेल्यावर मंजूर, कारण आता त्यात काय होणार आहे. यावर एरवी मी तिथंच पत्रक तोंडी म्हणून दाखवलं असतं. "बरं" म्हटलं आणि बाहेर आले.

पायऱ्यांवर पूर्ण वाचलं. अर्जदार, शेख मोईनुद्दीन शेख चाँदसाब. अट, अर्जदाराने कार्यक्रम संपेपर्यंत जातीने हजर राहावे. अट, ध्वनिक्षेपक सायंकाळी सहा वाजता बंद न केल्यास अर्जदारास जबाबदार धरण्यात येईल. वर विषयात मोईन सर, खाली अर्जदारात तुमचं सरकारी नाव, आणि ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे ना टाइप करणाऱ्याला दिसलं, ना हवालदाराला, ना साहेबाला. ना मला. थोडं हसू आलं. मग तेही थांबलं.

तुम्ही असतात तर लगेच आत जाऊन दुरुस्त करून घेतलं असतं. पण दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज, नवा अर्ज म्हणजे पुन्हा तीन जागा, आणि साहेबाचं मन दुसऱ्या दिवशी कुठं असेल कुणाला ठाऊक. फाटक हातचं जाणार होतं. तुमचा नंबर लावता येत नव्हता, म्हणून तुमच्या लेकीचा, नसरीन आपांचा लावला. सभेसाठी त्या लातूरहून येऊन राहिल्या होत्या.

"आपा, माझ्याकडून चूक झाली." सगळं सांगितलं.

"जागा कोणती दिली म्हणालीस?"

"पहिली."

मग म्हणाल्या, "राहू दे. बदलू नको काही."

"पण आपा, नियमानं..."

"ऐक. अब्बू दर टायमाला अर्ज देऊन आले की अम्मीला म्हणायचे, या खेपेला देतील बघ. इस्त्रीचा कुर्ता वेगळा काढून ठेवायला लावायचे. फाटकासमोर उभं राहायचं म्हणून. उत्तर आलं की अम्मी तो कुर्ता परत पेटीत ठेवायची."

सर, आम्हाला तर ती युक्ती म्हणून सांगितली होती तुम्ही. आम्ही हसलो होतो. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त हसला होतात. ती जागा तुम्हाला हवी होती, तर एकदा तरी तोंडानं बोलायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी गाडी भरून पोरी आणल्या असत्या आणि फाटकासमोर बसवल्या असत्या.

म्हणूनच बोलला नसाल.

सभा चांगली झाली. चाची येऊ शकत नव्हत्या, त्या इद्दतीत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडायचे दिवस पाळत घरी. त्यांनी तो कुर्ता पाठवला होता. खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला आणि पाठीवर कुर्ता घातला, इस्त्री मोडणार नाही असा. मांडववाला न सांगता हार घेऊन आला होता. आपा म्हणाल्या, "हार नको, अब्बूंना चालायचं नाही." त्यानं तो हार परत पिशवीत टाकला आणि बराच वेळ पिशवी हातात धरूनच उभा राहिला.

मग बंदोबस्ताचे जमादार आले. नवे होते, ओळखीचे नव्हते. कागद हातात, आवाज चढा. "अर्जदार कोण हाय? पुढं या."

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच मला भीती वाटली. ते इथं बंद करा म्हणाले असते तर फाटक पुन्हा गेलं असतं, आणि या वेळी तुमच्या डोळ्यांदेखत.

मी उठायच्या आत नसरीन आपा उठल्या. "या की. इकडं बसलेत."

त्यांनी जमादारांना खुर्चीपाशी नेलं. त्यांनी फोटो बघितला, कागद बघितला, परत फोटो बघितला.

"हे तर मयत आहेत."

"हाव."

"मयत माणसाच्या नावावर परवानगी? कुणी दिली?"

"तुमच्याच ठाण्यानं," मी म्हटलं.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. जमादारांनी तिकडं डोळे वटारले. मग कागदाची घडी केली, अजून एक घडी केली, खिशात ठेवला. विचार करत होते ते दिसत होतं. हे प्रकरण वर न्यायचं तर आधी त्यांच्याच ठाण्याला उत्तर द्यावं लागणार होतं. शेवटी म्हणाले, "सहाला बंद करा म्हंजे झालं," आणि कचेरीच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

अजान झाली तेव्हा भोंगा बंद ठेवला. कुणाला सांगावं लागलं नाही. पोरांनी तुमच्याबद्दल सांगितलं, बहुतेक गणिताचं आणि चहाचं. सरळ बोलले सगळे. शेवटी मी.

मी मुद्द्याचं आधी बोलले, सर. पत्रकातलं काही नाही. माझी धाकटी बहीण रूपाली, बारावीला तालुक्यात नंबरात होती, गाडी बंद झाली, मग कॉलेज बंद झालं, मग वर्षाच्या आत लग्न लावून दिलं. आता ती फोनवर माझ्याशी फक्त स्वयंपाकाचं बोलते. लातूरला जे राहिलं होतं ते मी त्या फाटकासमोर पूर्ण बोलले. कचेरी सुटायची वेळ होती, आतून गाड्या निघत होत्या, काचा वर होत्या. एक काच खाली झाली. थोडा वेळ खाली राहिली, मग वर गेली. यानं गाडी सुरू होणार नाही, मला माहीत आहे. पण त्यात काय होणार आहे असं म्हणणाऱ्यांना सांगायचं आहे की एक काच खाली झाली.

मग तुमच्यावर आले. तुमच्यासाठी वेगळं वाक्य घरून जुळवून आणलं होतं. "सर, तुम्ही" म्हटलं आणि नजर समोरच्या घड्याळावर गेली. जमादारांनी तिकडून मनगट दाखवलं. साउंडवाला खालून म्हणाला, "बोला ताई, पाच मिनिटानं काय होतंय?" खरंच काही झालं नसतं. जमादार काही बोलले नसते. पण अर्जदार तुम्ही होतात. मला तुमचं म्हणणं पटलं, असं समजू नका. पटलेलं नाही. पुढचा अर्ज माझ्या नावावर टाकणार आहे, तुम्ही काहीही म्हणा. पहिली जागा तीच.

मी माइक खाली ठेवला, ॲम्प्लिफायरपाशी गेले आणि पिन काढली.

लोक उठून आले. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. आपांनी त्यांची दस्ती पुढं केली. सगळ्यांना वाटलं मला हुंदका आला, म्हणून वाक्य तुटलं.

तसं नव्हतं, सर. सहा वाजले होते.